मोकळीचे तीन टोल

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. पुरता रूळसुद्धा नाही, रुळाचा हातभर तुकडा. एका टोकाला भोक पाडून मला तारेनं टांगलेलं आहे. शेजारी एक लोखंडी दांडा ठेवलेला असतो. त्यानं मला हाणलं की मी वाजतो. मी वाजलो की लोक कामाला लागतात, नाहीतर काम सोडतात. स्वतः मार खायचा आणि दुसऱ्यांना वेळ सांगायची, असलं माझं नशीब. आज मात्र कुणी हाणलेलं नसताना बोलतो आहे, कारण पोटात फार दिवसांचं साठलं आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा, मला राग येणार नाही.

माझा जन्म भट्टीतला. त्या जन्माच्या कळा सांगत बसत नाही. कळत्या वयात मी दौंड-मनमाडच्या मार्गावर, पुणतांब्याच्या अलीकडं आडवा होतो. अंगावरून गाड्या जायच्या. रूळ तपासणारा गँगमन रोज हातोडीनं टकटक करायचा आणि म्हणायचा, "खणखणीत हाय गडी." आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढं माथा झिजला, एका जागी चीर गेली. मग काय, उपटला, तोडला आणि भंगाराच्या ढिगावर टाकला. इतकी वर्षं छातीवरून गाड्या नेल्या, पण टाकताना कुणी मागं वळून पाहिलं नाही.

बहात्तर साली पावसानं दडी मारली ती मारलीच. नगर जिल्ह्याच्या पूर्वेला विहिरींच्या तळातले दगड दिसायला लागले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. जामखेड तालुक्यात एका माळावर रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालं आणि तिथं टोल द्यायला काहीतरी हवं म्हणून भंगारातून मला उचललं. माळावर एकच लिंब होता. त्याच्या फांदीला मला टांगलं.

दीडशे माणसं होती कामावर. सकाळी टोल झाला की उकिडवं बसायचं, डाव्या हातानं दगड धरायचा आणि उजव्या हातानं हातोडी घालायची. बोटं वाचावीत म्हणून बाया सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या बोटांना गुंडाळायच्या. दुपारी भाकरीचा टोल, संध्याकाळी सुट्टीचा टोल. मधे काही नाही. बसलेलं माणूस बसलेलंच.

त्यांत लिंबाच्या बुडाशी, अगदी माझ्या खाली बसायची लंकाबाई. वय विचारलं की म्हणायची, "कोयत्याचे पंचवीस हंगाम झाल्यात, त्यावरनं तुमीच काढा." दर हिवाळ्यात नवरा-बायको ऊसतोडीला जायची. पंचवीस हंगाम कमरेत वाकून ऊस तोडला आणि मोळ्या डोक्यावर वाहिल्या, त्यामुळं तिची कंबर आधीच कामातून गेलेली. त्यात हे दिवसभराचं उकिडवं बसणं. नवरा आसाराम पहिल्या महिन्यात तिच्या शेजारीच खडी फोडत होता. एक दिवस दगडाची चिपरी उडाली ती त्याच्या डोळ्यात. तो डोळा गेला, आणि दुसऱ्यातूनही पाणी गळायला लागलं. मग हजेरीच्या मस्टरवर त्या घरातलं एकच नाव राहिलं, लंकाबाईचं. ते नाव होतं तोवर दोघांची चूल पेटत होती आणि कामावर खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून घरी नेता येत होती. म्हणजे सगळं घर तिच्या कमरेवर उभं होतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मुकादम होता सूर्यभान. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला, पन्नाशीचा, एका गुडघ्यात अधू. माळावर सगळे त्याला हवालदारच म्हणायचे. आवाज दांडगा, पण मनात खोट नाही. एका संध्याकाळी सुट्टीचा टोल देऊन तो तिथंच उभा राहिला आणि बघत बसला. तरण्या पोरी टोल होताच उड्या मारत गेल्या. चाळिशीच्या पुढचे मात्र जागचे उठेनात. कुणी आधी हात टेकले, कुणी गुडघे टेकले, कुणी एकमेकांना धरलं. लंकाबाई तर कुशीवर लवंडली, मग खडीच्या ढिगाला धरून उभी राहिली. चेहरा घामानं निथळत होता.

"लंकाबाई, रोज अशीच उठतीस काय?" त्यानं विचारलं.

"उठती हे काय कमी हाय व्हय, हवालदार?" ती म्हणाली आणि हसली. हसताना तिनं कमरेवर हात दाबून धरला होता.

सूर्यभान घरी गेला तो विचार करतच गेला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना सांगितलं, "ऐका रं. आजपासनं दहाच्या सुमाराला एकदा आन दुपारी साडेतीनला एकदा मी तीन टोल देनार. चाळिशीच्या म्होरं जे हायेत त्यांनी हातातलं टाकून उभं राहायचं. धा मिनटं अंग हलवायचं. पलटणीत आमाला असंच उठवायचे. तरन्या पोरांनी फोडत राहायचं, तुमची हाडं अजून बोलत न्हाईत."

"आन मोजनीचं काय?" कुणीतरी विचारलं. खडी लाकडी पेटीनं मोजली जायची, आणि पेटी भरली नाही तर हजेरी कापायचे.

"त्ये मी बघतो," सूर्यभान म्हणाला.

दहा वाजता त्यानं मला तीनदा हाणलं. मित्रांनो, पहिल्या दिवशीचा तमाशा काय सांगू! पुरुष उठले आणि हवालदाराच्या हुकमावर हात वर-खाली करायला लागले. "एक! दोन! वाक! सरळ!" बाया उठल्या खऱ्या, पण पदर दातात धरून खाली बघत राहिल्या. कुणी हात उचलेना. समोर दीर, भासरे, चुलत सासरे रांगेनं उभे. त्यांच्यादेखत काखा वर करून कवायत करायची म्हणजे जीव गेला तरी होणार नाही. सूर्यभान ओरडून ओरडून लाल झाला. शेवटी लंकाबाईची जाऊ कडूबाई, जी एरवी तोंडातून शब्द काढायची नाही, ती पुटपुटली, "आमाला बसूच द्या हवालदार. बसल्यालं बरं."

दोन दिवस असंच झालं. तिसऱ्या दिवशी लंकाबाईच पुढं आली.

"हवालदार, तुमची कवाईत तुमाला लखलाभ. आमी झिम्मा खेळतो, फुगडी घालतो. पंचमीला सासऱ्याम्होरं घालतोच की. त्याला कोन नावं ठेवतंय?"

"फुगडी?" सूर्यभान बघतच राहिला.

"व्हय, फुगडी. हात धरायचं, मागं झुकायचं, कंबर आपसुक सुटती. फकस्त बसफुगडी न्हाई. बसून बसून तर मरायला लागलोय."

सगळ्या हसल्या. सूर्यभान हसला. आणि त्या दिवशी माझ्या खाली, उन्हात, चाळिशी-पन्नाशीच्या बायांनी फेर धरला. आधी हळूहळू झिम्मा, टाळ्या देत चार पावलं पुढं, चार पावलं मागं. मग हातात हात गुंतवून मागं झुकायचं, पाय जवळ ठेवायचे आणि गिरकी घ्यायची. जोर लावायचा नाही, पण अंग ताणायचं. लंकाबाई आणि कडूबाईची जोडी ठरलेली. कडूबाई घाबरून म्हणायची, "बाई, सोडशील मला." लंकाबाई म्हणायची, "तुला सोडून जाऊ कुटं मी?" पुरुष ढिगाऱ्याच्या पलीकडं पाठ करून हवालदाराची कवायत करायचे. दहा मिनिटं झाली की पुन्हा एक टोल, आणि सगळे खाली बसायचे.

बायांनी त्या दहा मिनिटांना नाव पाडलं, मोकळी. "मोकळी झाली का गं?" "अजून न्हाई, सावली तिकडं जाऊ दे." पंधरवड्यातच फरक दिसायला लागला. संध्याकाळी लंकाबाई ढिगाला न धरता उठायला लागली. कण्हत उठायची, पण आपल्या पायांवर. आठ-आठ दिवस घरी पडून राहणारे परत कामावर आले. हजेरी लिहिणारा रंगनाथ कारकून एकदा चकित होऊन म्हणाला, "हवालदार, वीस मिनिटं रोज फुकट जातात आणि तरी खडी जास्त भरते. हे कसं काय?" सूर्यभान म्हणाला, "फुकट जात न्हाईत, म्हनूनच भरती."

खरं सांगतो, त्या दिवसांत मी पहिल्यांदा माराची वाट पाहिली. एरवी मला हाणलं की माणसं वाकत. या तीन टोलांना माणसं ताठ होत. लोखंडाला आनंद होत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याला काही कळत नाही.

पण मी गोड गोष्ट सांगायला बसलेलो नाही.

मार्च महिना लागला आणि साहेब पाहणीला येणार अशी बातमी आली. नगरहून येणार, बरोबर फोटो काढणारा माणूस येणार. सूर्यभान आदल्या दिवशी लंकाबाईला म्हणाला, "उद्या मोकळी नको. साहेब माघारी गेलं की परवा करू."

"का नको?" लंकाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आपन चोरी करतो का?"

"तसं न्हाई गं. बघनाऱ्याला काय वाटंल..."

"काय वाटायचंय? पाव्हना दारात येनार आन आमी रडकी तोंडं करून बसायचं? दुस्काळ हाय म्हनून लाज सोडली का आमी?"

मित्रांनो, इथं या बायांची चूक झाली, आणि अशी चूक त्यांनीच करावी. घरात दाणा नसला तरी पाहुण्यासमोर उपाशी दिसायचं नाही, ही त्यांची रीत. गूळ नसला तर शेजारून उसना आणतील, पण चहा देतील. सरकारी पाहुणा वेगळा असतो, त्याला उपाशीच दिसावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाया आल्या त्या ठेवणीतली लुगडी नेसून. कुणी केसांना तेलाचं शेवटचं बोट लावलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. ट्यूबच्या पट्ट्यासुद्धा धुऊन आणलेल्या. मला वरून बघताना भडभडून आलं, पण मला कोण विचारतो?

साहेबांची जीप आली ती नेमकी दहाला. पंचेचाळिशीचे असतील, अंगानं भरलेले. जीपमधून उतरताना त्यांनीही कमरेवर हात ठेवला, हे मी पाहिलं. सूर्यभाननं लंकाबाईकडं पाहिलं. लंकाबाईनं मान हलवली. त्यानं तीन टोल दिले.

काय फुगड्या झाल्या त्या दिवशी! हळूहळू वगैरे काही नाही. पाव्हण्याला दाखवायचं म्हणून बायांनी जीव ओतला. धूळ उडाली, लुगड्यांचे पदर फडफडले. कडूबाईसुद्धा हसत होती, तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. फोटो काढणारा वाकून वाकून फोटो काढत होता. साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वा, फारच छान," ते म्हणाले. मग लंकाबाईला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "बाई, यानं खरंच फरक पडतो?"

"पडतो म्हंजे? साहेब, आदी मला धरून उठवाया लागायचं. आता बघा." असं म्हणून ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि हात न टेकता उठून दाखवलं. "दोन-अडीच तासानं उठायचं. धा मिनटं अंग मोकळं करायचं. वय झाल्यावर लई वेळ एका जागी बसू न्हाई, साहेब. तुमचीबी कंबर धरती जनू?"

साहेब हसले. "धरते खरी," ते म्हणाले. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. किती वेळानं, किती मिनिटं, टोल किती. लंकाबाईनं मन मोकळं करून सांगितलं. जाताना साहेबांनी माझ्याकडंही बघितलं आणि सूर्यभानला म्हणाले, "आवाज चांगला आहे याचा."

आठ दिवसांनी वर्तमानपत्र आलं. रंगनाथ कारकुनानं ते लिंबाखाली उलगडलं आणि आधी सूर्यभानला हळू आवाजात वाचून दाखवलं. मी वरच होतो, मला सगळं ऐकू आलं. मोठा फोटो, फुगडी घालणाऱ्या लंकाबाई आणि कडूबाई, आणि खाली लिहिलेलं: "दुष्काळी कामावर फुगड्यांना रंग. हजेरी सरकारी, खेळ बायांचा." वर्तमानपत्राबरोबर एक पत्रही आलं होतं. वरून साहेबांना जाब विचारला होता, म्हणून साहेबांनी हुकूम काढला होता. कामाच्या वेळेतले सर्व खेळ बंद. मोजणीची पेटी मोठी. मुकादमाला कामावरून कमी. खाली सही साहेबांचीच, त्याच टाळ्या वाजवलेल्या हाताची.

तेवढ्यात बायांनी गराडा घातला. "फोटू आला! बघू, बघू!" कडूबाई म्हणाली, "ह्यो माझा पाय हाय का गं?" लंकाबाई स्वतःचा चेहरा बघून लाजली. मग विचारलंच तिनं, "हवालदार, खाली काय लिवलंय?"

सूर्यभाननं कागद हातात धरला. तो लढाईवर जाऊन आलेला माणूस, पण त्याला खरं वाचवेना. तो म्हणाला, "लिवलंय... कष्टाळू बायांना शाबासकी."

रंगनाथनं मान खाली घातली. लंकाबाईनं तो फोटो मागून घेतला, खालच्या ओळीसकट कातरून चौकोनी घडी केली आणि पानसुपारीच्या चंचीत ठेवला. सूर्यभान दुपारी आपली पिशवी उचलून निघाला तेव्हा त्यानं सांगितलं, की दुसरीकडं नेमणूक झाली, मोकळी काही दिवस बंद राहील. जाताना त्यानं माझ्या अंगावरून हात फिरवला. मला बरं वाटलं नाही.

नवा मुकादम आला तो घड्याळ घेऊनच आला. एप्रिलचं ऊन. पेटी मोठी झालेली. बाया सकाळी बसत त्या दुपारपर्यंत मान वर करत नसत. दहा वाजले की लंकाबाईचं लक्ष आपोआप वर माझ्याकडं जायचं. मी गप्प. मला कुणी हाणलं नाही तर मी काय करणार? दोनदा ती आपण होऊन उठली तर मुकादम खेकसला, "ए बाई, खाली बस. फोटोवाला नाय आज." ती बसली.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी सुट्टीचा टोल झाला. सगळे उठले. लंकाबाई उठली नाही.

"ऊठ की गं," कडूबाई म्हणाली.

"उठती. जरा थांब."

तिनं हात टेकले. पुन्हा टेकले. कुशीवर वळायला गेली आणि तोंडातून असा आवाज निघाला, की पुढं गेलेली माणसं मागं वळली. कमरेखालचं अंग तिचं ऐकतच नव्हतं. कडूबाई तिला धरून मोठमोठ्यानं रडायला लागली, आणि लंकाबाई दात आवळून म्हणत होती, "रडू नगं. लोकं बघत्यात." शेवटी बैलगाडी बोलावली आणि तिला खडीसारखी उचलून गाडीत ठेवली. पंधरा दिवसांनी मस्टरवरून नाव कमी झालं. कारणाच्या रकान्यात रंगनाथनं लिहिलं, "काम करण्यास असमर्थ." त्या घराची चूल आता कशी पेटत असेल, हे मला कुणी सांगितलं नाही.

मे महिन्यात माझ्यासाठी जीप आली. मला वाटलं, गेलो परत भंगारात. पण नाही. साहेबांनी मला आठवणीनं मागवून घेतलं होतं. नगरच्या त्यांच्या कचेरीत, अंगणातल्या लिंबाला मला टांगलं. खाली एक शिपाई उभा केला आणि कचेरीभर परिपत्रक फिरलं. चाळिशीच्या पुढच्या सर्व कर्मचाऱ्यांनी दिवसातून दोनदा, तीन टोल होताच, जागेवरून उठावं आणि दहा मिनिटं अंगणात फिरावं, हातपाय मोकळे करावेत. सतत खुर्चीत बसल्यानं पाठीचे विकार जडतात. खाली साहेबांची सही.

शिपायानं मला तीनदा हाणलं. कारकून, हेडक्लार्क, अव्वल कारकून सगळे खुर्च्या सोडून बाहेर आले. कुणी हात ताणले, कुणी कमरेवर हात ठेवून मान फिरवली. "साहेबांची कल्पना नामी आहे हो," एक जण म्हणाला. "पाठ अशी हलकी वाटते." साहेब स्वतः लिंबाभोवती फेऱ्या घालत होते. आणि मी खणखणीत वाजत होतो, कारण लोखंडाला बेसूर वाजता येत नाही. आलं असतं तर वाजलो असतो.

महिनाअखेरीला एका सकाळी फाटकातून लंकाबाई आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं आसारामचा खांदा धरलेला. एका डोळ्यानं अंधुक बघणारा नवरा आणि धड चालता न येणारी बायको, एसटीनं जामखेडहून आलेली. अंगणात पोचायला त्यांना फार वेळ लागला. माझ्या खाली आल्यावर तिनं वर पाहिलं.

"अगं बया," ती म्हणाली. "आपला टोल."

ती लिंबाच्या बुडाशी बसली, नव्हे, पडली. काम मागायला आली होती. खडी फोडता येत नाही, पण कामावर मजुरांना पाणी पाजायला बाई ठेवतात, ते होईल माझ्याच्यानं, असं तिचं म्हणणं. साहेबांनी एक ओळ लिहिली की मस्टरवर नाव परत चढेल. आसाराम म्हणत होता, "वळखत्याल का तुला?" ती म्हणाली, "न वळखायला काय झालं? टाळ्या वाजवल्या हुत्या त्यांनी."

तेवढ्यात शिपाई आला आणि त्यानं तीन टोल दिले. कचेरीची माणसं बाहेर आली आणि हातपाय ताणायला लागली. लंकाबाई बघतच राहिली.

"हे काय चाललंय, दादा?" तिनं शिपायाला विचारलं.

"साहेबांनी सुरू केलंय. बसून बसून कमरा धरतात ना."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मित्रांनो, मी वरून बघत होतो. तिला वाटलं, साहेब आपल्याला विसरले नाहीत. तिनं आसारामचा हात दाबला. "बगितलं का? माजंच ऐकलं त्यांनी." मग चंचीतून ती घडी काढली आणि शेजारी मान फिरवत असलेल्या कारकुनापुढं धरली. "साहेब, ही मीच हाय. फोटूतली. खाली शाबासकी लिवलीय बगा. एवढं आत दावता का?"

कारकुनानं घडी उलगडली. तो वाईट माणूस नव्हता, नुसता वाचणारा माणूस होता. त्यानं मोठ्यानं वाचलं, "दुष्काळी कामावर फुगड्यांना रंग. हजेरी सरकारी, खेळ बायांचा." आणि तो हसला. "बाई, ही शाबासकी नाही. यात तुमची अब्रू चव्हाट्यावर आणली आहे. हे आत दाखवलंत तर काम राहिलं बाजूला."

तिनं कागद परत घेतला. बघून बघून मऊ झालेला तो कागद तिनं उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा करून बघितला. आसाराम विचारत होता, "काय म्हनाले? काय लिवलंय?" तिनं त्याला सांगितलं नाही. मग ती हळूच, स्वतःशीच म्हणाली, "हवालदारानं मन राखलं व्हय माजं." हवालदार खोटं बोलला एवढंच तिला जड गेलं, असं वाटलं असेल कुणाला, पण मी वरून तिचा हात बघत होतो. मातीत बोटं रुतवून ती बसली होती.

साहेब फेरी घालत लिंबापाशी आले. लंकाबाईनं मान वर केली. त्यांनी तिला ओळखलं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचं पाऊल अडखळलं. मग त्यांनी फेरीची दिशा बदलली आणि उलट्या बाजूनं फिरायला लागले. दहा मिनिटं झाली. शिपायानं एक टोल दिला. सगळे आत गेले, साहेबही गेले.

ती तिथंच बसून राहिली. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आसारामनं चाचपडत हात दिला, त्यालाही पेललं नाही. शेवटी शिपाई आला, म्हणाला, "वाटेत बसू नका, बाई," आणि तिला काखेत धरून उभं केलं. फाटकापर्यंत पोचवून परत आला आणि हात झटकले.

झाली माझी गोष्ट. मी अजून टांगलेला आहे आणि रोज दोनदा त्या माणसांसाठी वाजतो. तुम्हाला बोध हवा असेल तर घ्या. चाळिशीनंतर माणसानं तासन्‌तास एका जागी बसू नये, मधून मधून उठावं, दहा मिनिटं अंग मोकळं करावं. हा बोध खरा आहे, साहेबांच्या परिपत्रकातसुद्धा आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरात, रानात, चुलीपुढं, कुणीतरी सकाळपासून वाकून बसलेलं असेल. तिच्यासाठी कुणी परिपत्रक काढणार नाही आणि मला तिथं कुणी टांगणार नाही. तेव्हा तुम्ही जा आणि तिचा हात धरा. ती म्हणेल, काम पडलंय. ती म्हणेल, लोक बघतात. ऐकू नका तिचं. तिला उठता येतंय तोवर उठवा.